दादाच्या वाटची मिशी

माझ्या धाकट्या भावाची, रखमाजीची मिशी आमच्या सगळ्या भावकीत एक नंबर होती. गालावरून निघून कानाकडं वळायची. घरच्या लोण्याचं बोट तिला रोज लागायचं. बायकोच्या भाकरीवर लोणी नसलं तरी चालेल, मिशी कोरडी राहता कामा नये.

केडगावच्या अलीकडं आमच्या माहेरची वस्ती आहे. थोरला मल्हारीदादा, मधली मी, धाकटा रखमा. मी न्हावऱ्याला दिली, दोघा भावांची घरं एकाच अंगणात राहिली. आमचे आजे-पणजे मेंढरांमागं फिरले. बापानं एका जागी बसून जमीन केली आणि बसल्याबसल्याच गेला. तेव्हा रखमा रांगत होता. आमच्यात बाप गेला की दहाव्याला, नदीवर, लेकानं डोकं भादरायचं आणि मिशीही काढायची. दादाच्या ओठावर नुसती लव आली होती, ती त्यानं बापासाठी काढली. रखमाच्या ओठावर काढण्याजोगं शेंबडाशिवाय काही नव्हतं, असं आई सांगायची.

पुढं दादाच त्याचा बाप झाला. त्याला खांद्यावर घेऊन मेंढरं राखली, शाळेत घातलं, शाळेतनं पळाला तेव्हा बडवलं, मग स्वतःच्या लग्नातलं उपरणं त्याच्या खांद्यावर घालून त्याचं लग्न लावलं. दादाची बायको कुशावहिनी घरात आली तेव्हा रखमा एवढासा होता, तिनं त्याला न्हाऊ-माखू घातलं. बापाच्या वेळी राहिलेली मिशी रखमा दादाला देणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. असल्या गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही.

रखमाला जन्मभर लोक 'मल्हारीचा धाकटा' म्हणत. सोसायटीत, बाजारात, सोयरिकीत, सगळीकडं. त्याचं स्वतःचं असं मिशीशिवाय काही नव्हतं, हे खरं आहे.

मागं एकदा तो शिरूरच्या बाजारात मेंढ्यांचे भाव बघत उभा होता. जीन घातलेली एक पोरगी त्याच्याभोवती दोनदा फिरून गेली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या मिशीचा फोटो काढू?"

"काढा की. मिशी तुमच्याकडं थोडीच जातीय."

तिचं नाव अनुपमा. पुण्याच्या एका पिक्चरसाठी ती माणसं शोधत हिंडत होती. तिनं विचारलं, "ॲक्टिंग कराल का?"

"बायकोपुढं रोज करतो," रखमा म्हणाला.

त्याला हिरोच्या बापाचं काम मिळालं. पिक्चरचं नाव इंग्रजी होतं, माझ्या जिभेवर ते नीट बसत नाही, म्हणून लिहीत नाही. पोरगा घर सोडून गेला म्हणून बाप अबोला धरतो, अशी गोष्ट. पहिल्या खेपेला रखमानं ओट्यावर बसून पोराकडं न बघण्याचं काम केलं. "न बघायचे पैसे देत्यात अक्का," तो मला सांगायचा, "आपल्या समाजात लोक फुकटातच एकमेकाकडं बघत न्हाईत." पोरगा परत येतो आणि बाप त्याला धरून रडतो, हा मोठा सीन दुसऱ्या खेपेला, पंधरा दिवसांनी व्हायचा होता.

ते पंधरा दिवस काही संपेनात. माझी नात प्रगती शिरूरला कॉलेजात जाते. कुठला पिक्चर कधी लागणार, कुठल्या पिक्चरात कोण येणार, कोण गेलं, हे तिच्या मोबाइलात दूधवाल्याच्या आधी येतं. तिनं वाचून दाखवलं की रखमाच्या पिक्चरची हिरॉईन काम सोडून गेली आणि आता दुसरी शोधतायत. शूटिंग पुढं गेलं.

दादा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. मी प्रगतीला घेऊन भेटायला गेले की पहिला प्रश्न तोच.

"आलं का गं रखमाचं नाव?"

"नाही आजोबा. बातमीत मोठ्या नटांचीच नावं देतात."

"मग ह्यो काय ल्हान हाय? एवढा घोडा झालाय."

कुशावहिनी पाय चेपता चेपता हसायची. दादा म्हणायचा, "पिक्चर लागला की मला बाजंसकट उचलून न्या, पर न्या." रखमा उंबऱ्यात उभा राहून ऐकायचा आणि मिशीवरनं हात फिरवायचा. दोघा भावांत एवढं कौतुक मी पहिल्यांदाच बघत होते. दादानं त्याला आयुष्यभर नुसतं रागावलेलं.

माघात दादा गेला.

नवव्या दिवशी रखमा मला गोठ्यामागं घेऊन गेला. "अक्का, पिक्चरवाल्यांनी मिशीला हात लावू नका म्हणून सांगितलंय. पहिल्या खेपेला जशी होती, तशीच दुसऱ्या खेपेला पायजे."

"मग फोन कर त्या पोरीला. सांग घरात काय झालंय ते."

त्यानं माझ्यासमोर फोन लावला. पलीकडं लई गलका होता. त्यानं सांगितलं, थोरला भाऊ वारला, आमच्यात मिशी काढत्यात. पोरगी चांगली होती, तिला वाईट वाटल्याचं आवाजातनं कळलं. पण घाईत होती. म्हणाली, "बाबा, प्लीज, मिशी नको हां. कंटिन्यूटी जाईल." कंटिन्यूटी म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. कोर्टाचा शब्द असावा तसा रखमानं तो मानला आणि फोन खिशात टाकला. म्हणाला, "दादालाच तर बघायचा व्हता पिक्चर."

दहाव्याला नदीवर माणूस लोटलं होतं. प्रवचन झालं. मग पुढारी बोलले. मल्हारीदादांनी मतदान कुणाला केलं हेसुद्धा एका जणानं सांगून टाकलं. पलीकडं भावकीतले पुरुष ओळीनं उकिडवे बसले होते आणि सावळाराम न्हावी एकेकाचं डोकं करत येत होता. दादाचा लेक हनुमंत झाला. मग रखमाची पाळी. पागोटं काढलं, डोकं झालं. सावळारामानं वस्तरा पुसून ओठाकडं आणला तेव्हा रखमानं मिशीवर पंजा ठेवला.

"एवढी राहू द्या."

सावळारामाला वाटलं, साबण झोंबला. "आबा, हात काढा."

"न्हाई. राहू द्या."

सावळारामानं हनुमंताकडं बघितलं. हनुमंतानं पाण्याकडं बघितलं. सावळाराम पुढच्या माणसाकडं सरकला. आम्ही बायका एका अंगाला बसलो होतो. कुशावहिनीचं तोंड माझ्या बाजूला होतं. तिनं डोळे मिटून घेतले नाहीत की पदर लावला नाही, नुसती बघत राहिली. सगळी बोडकी तोंडं आणि त्यात एकट्या रखमाची मिशी. लोण्यानं चकाकत होती. सुतकात लोणी लावू नये, एवढंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटतं. हनुमंत एका शब्दानं बोलला नाही. त्या दिवसापासून अंगण एकच राहिलं, पण इकडची वाटी तिकडं जायची बंद झाली. वहिनी झाडताना आपल्या बाजूपुरतं झाडू लागली. अबोला धरायचं काम रखमाला पिक्चरमध्ये होतं, घरी तो दुसऱ्यांनी फुकटात केला.

दुसऱ्या खेपेचं शूटिंग उन्हाळ्यात निघालं. न्हावऱ्याच्या बाजूलाच होतं. संध्याकाळी रखमा माझ्याकडं मुक्कामाला आला आणि चहा समोर ठेवला तरी कपाला हात लावेना. मिशी दोन्हीकडनं आखूड दिसत होती.

"हे काय केलंस?"

"मी न्हाई केलं. मेकअपवाल्यानं केलं. म्हणला, वाढलीय, फोटोसारखी दिसत न्हाई. आन् दोन्ही शेंडं कातरलं."

"आन् तू कातरू दिलंस?"

"मी म्हणलं त्याला, अरं बाबा, हिला हात लावू नका म्हणलात म्हणून मी सख्ख्या भावाच्या दहाव्याला काढली न्हाई. तर तो बघतच राहिला. त्यानं पेटी उघडली. अक्का, पेटीत नुसत्या मिशा. काळ्या, पांढऱ्या, झुबकेदार, पिळाच्या. म्हणला, बाबा, काढायची की. फोटो हाय आमच्याकडं, हुबेहूब करून चिकटवली असती. आमचं कामच ते हाय."

"मग त्या पोरीनं..."

"तिला काय ठावं? ल्हान लेकरू. मी मेकअपवाल्याला इचारायला पायजे व्हतं. मला काय म्हाईत, मिशीसुदिक भाड्यानं मिळती."

थोडं हसला आणि मग हसू तसंच राहिलं तोंडावर, विसरल्यासारखं.

पेटी बघितल्यावर लगेचच त्याला रडायच्या सीनला उभा केला होता. पोरगा दारात येतो, बाप उठतो. एका दमात झाला, दुसऱ्यांदा करावा लागला नाही. डायरेक्टरनं येऊन पाया पडल्यासारखं केलं. म्हणाला, बाबा, हे कुठनं काढलंत? रखमा म्हणाला, "घरनं आणलंय."

पिक्चर लागला तो पौषात, शुक्रवारी. दौंडला एक खेळ होता, दुपारचा. रखमासकट आम्ही पाच-सात जणं केडगावातनं रेल्वेनं गेलो. कुशावहिनीला मी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"चल की गं. दादाला बघायचा होता."

"त्यांना बघायचा व्हता. त्यांना विचारा," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडू लागली. रागानं म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

थेटरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नव्या हिरॉईनीनं जीव तोडून काम केलं होतं, ते कबूल करते. शेवटी तो सीन आला. माझा भाऊ पडद्यावर भिंतीएवढा झाला आणि रडला. मी त्याला लहानपणापासून बघतेय, ते खोटं रडू नव्हतं. दादाच्या दहाव्याला त्याच्या डोळ्याला टिपूस आला नव्हता. तिथं त्याचं सगळं ध्यान मिशीकडं होतं. जे नदीवर रडायचं ते तो कॅमेऱ्यापुढं रडला. ज्यांनी बघायला पाहिजे होतं त्यातलं एक माणूस जळून गेलं होतं आणि दुसरं घरी तांदूळ पाखडत होतं.

परत येताना रेल्वेत प्रगती मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचत होती. कुणी अडीच तारे दिलेले, कुणी तीन. रखमानं विचारलं, "माझं हाय का काय?"

तिनं मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. मग म्हणाली, "एकानं लिहिलंय आबा. पण राहू द्या."

"वाच."

"'गाव खरं वाटत नाही. बापाची मिशी तर चिकटवलेली आहे, हे लहान मूलही सांगेल.'"

"परत वाच."

तिनं परत वाचलं. समोरच्या बाकावरचा एक अनोळखी प्रवासी हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला. रखमानं मिशीचं टोक चिमटीत धरून ओढलं, डोळ्यात पाणी येईस्तोवर. "ये म्हणावं त्याला. ओढून बघ म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीवरची पोरं विचारू लागली, "आबा, ओरिजिनल का डुप्लिकेट?" दुसरा शुक्रवार यायच्या आत पिक्चर दौंडातनं उतरला.

माघात दादाचं वर्षश्राद्ध आलं. मी सकाळच्या एसटीनं गेले. मांडव घातला होता, वस्तीवरच्या बायका पोळ्या लाटत होत्या. मी वहिनीजवळ बसले. एवढ्यात अंगणाच्या त्या टोकाकडनं एक म्हातारा येताना दिसला. मला क्षणभर ओळखच पटली नाही. वरचा ओठ पांढराफटक, बाकी तोंड उन्हानं रापलेलं. रखमा भल्या पहाटे सावळारामाच्या दारात जाऊन बसला होता.

तो सरळ वहिनीसमोर येऊन उभा राहिला. तोंड तेवढं पुढं केलं, शाळेतलं पोर मास्तरला पाटी दाखवतं तसं.

वहिनीनं बराच वेळ बघितलं. "वहिनी म्हणून न्हाई, आई म्हणून सांगते, भावजी," ती म्हणाली. "त्या दिवशी काढली असती तर तुमच्या गळ्यात पडून रडले असते मी. धरायला माणूस नव्हतं मला. हनुमंत पोरगा, त्याच्यापुढं मी कशी रडू? आता कशाला काढली?"

"राहिली व्हती."

"मला रडायचं व्हतं ते मी एकटीच रडले." एवढं बोलून ती पोळ्यांकडं वळली.

जेवणाची वेळ झाली. आमच्यात घरचे पुरुष वाढतात आणि पाहुणे आधी जेवतात. रखमानं धोतर खोचलं, खांद्यावर पंचा टाकला आणि आमटीची बादली उचलली. सगळ्या कार्यांत आमटी तोच वाढायचा, कुणाला तिखट लागतं आणि कुणाला नाही हे त्याला पाठ. हनुमंत पलीकडनं आला. त्यानं बादलीच्या कडीवर हात ठेवला.

"तात्या, द्या इकडं. तुम्ही बसा."

"आरं, मी वाढतो की."

"न्हाई, बसा तुम्ही. पाहुण्यांनी वाढायचं नसतं." आणि एका पोराला हाक मारून म्हणाला, "तात्यांना खुर्ची दे रे. पाणी दे."

आवाज अगदी नीट होता. बादली त्यानं ओढली नाही, रखमानंच कडी सोडली.

मी माहेरवाशीण, मी पाहुण्यांतच बसले होते. माझ्या शेजारची खुर्ची मोकळी होती. रखमा तिथं येऊन बसला. पंचा खांद्यावर तसाच. हनुमंतानं त्याला सगळं वेळेवर वाढलं, हवं-नको विचारलं, आमचे सोयरे येतात त्यांना विचारतो तसं. रखमा ओठावरनं हात फिरवायला गेला आणि हात खाली घेतला.

"अक्का," तो पानाकडं बघत म्हणाला, "तू कशी बसतीस गं इतकी वर्सं, असं पाहुण्यात?"

 माझ्या पानातली अर्धी पोळी मोडून मी त्याच्या पानात ठेवली.