मोबाईलसमोरचा खोकला

आमच्या हिमायतनगरकडच्या गावात आशाताई मोबाईल घेऊन फिरत होत्या. खोकला ऐकून टीबीचा संशय सांगणारं एआय त्यात होतं. सूनबाई बरेच दिवस बारीक खोकत होती, म्हणून मीच ताईंना घरी बोलावलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो.

पदर तोंडाशी धरून, सासऱ्यासमोर खोकावं तसं ती हळूच खोकली. मोबाईलनं दाखवलं, धोका नाही. ताईंना पटेना. त्यांनी पुन्हा खोकायला लावलं. तेच उत्तर.

माझं डोकं फिरलं. "शहरातल्या लोकांचे खोकले ऐकून शिकलेली मशीन हाय ही. हिला आमचं काय कळून राहिलं!" असं बडबडत मी अंगणात आलो.

तेवढ्यात मागून खोकला आला. छाती फाटावी तसा, थांबेचना. घरात आणखी कोण आजारी आहे, म्हणून मी दारातून डोकावलो. सूनच होती, तोंडावरचा पदर बाजूला करून खोकत होती. मला पाहताच तिनं तो पुन्हा तोंडात कोंबला.

मला मान वर करवेना. मी पार गोठ्यापलीकडे जाऊन उभा राहिलो, तिला मोकळं खोकता यावं म्हणून.