बंडीवाल्याची नाव

निजामुद्दीन मिस्त्रीनं बांधलेली नाव पाण्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी फुगली. बुडाली असती तर लोकांनी हळहळ तरी केली असती. फुगलेल्या नावेला लोक हसतात. फळ्या पोटुशा म्हशीसारख्या बाहेर आलेल्या, आणि दोन ठिकाणी खिळे डोकी वर काढून बसलेले.

मिस्त्री जन्माचा बंडीवाला. मानोऱ्याच्या आसपास ज्या काळी शेत तिथं बैलगाडी होती, त्या काळी त्याच्या हातच्या बंडीला मान होता. चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धाव विस्तवात लाल करायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वरून बादलीभर पाणी ओतायचं. धाव आकसली की लाकडाला अशी आवळायची, की एका गिऱ्हाइकानं संशयानं सांध्यात सुई घालून पाहिली तर सुईच मोडली. ही सुईची गोष्ट मिस्त्री घरी जेवताना आणि प्रत्येक लग्नात सांगायचा, आणि प्रत्येक लग्नात सुई थोडी जाड व्हायची.

मग ट्रॅक्टर आले. मिस्त्रीच्या अंगणात त्याचा पोरगा मुबश्शिर यानं वेल्डिंगचं दुकान टाकलं. फाटकं, पलंग, ट्रॉल्या. पोरगा चांगला, बापाला कधी उलट बोलला नाही. पण गिऱ्हाईक दारात येऊन “ओ मिस्त्री” म्हणायचं, तेव्हा आता मुबश्शिर उठायचा. म्हातारा कोपऱ्यातल्या ओंडक्यावर बसून लाकूड तासायचा वाकस उगाच घासत राहायचा.

म्हणूनच चंपाबाई नावेचं काम घेऊन आली, तेव्हा तो ओंडक्यावरून ताडकन उठला. चंपाबाईचं निम्मं शेत धरणाच्या पाण्यापलीकडं. जुनी नाव सडली होती. तिच्या घरात सागवानाच्या फळ्या पडून होत्या.

“निजामभाऊ, सोयाबीन काढाले माणसं पलीकडं न्या लागते,” ती म्हणाली. “तुमच्यानं होत असंन तर सांगा. नाई तं मुबश्शिरले पत्र्याची कराले लावतो.”

“बंडी केली, मंग नाव का मोठी गोष्ट हाय?” मिस्त्री म्हणाला.

इथंच घोटाळा झाला. वैशाखाच्या उन्हात, लाकूड खडखडीत वाळलेलं असताना, त्यानं फळीला फळी बंडीसारखी आवळून बसवली. सुई जाणार नाही अशी. श्रावणात धरण भरलं, नाव पाण्यात गेली, वाळलेलं सागवान पाणी प्यायलं आणि फुगलं. फुगायला जागा नव्हती, म्हणून लाकडानं खिळेच उपटले.

नाव काठावर ओढून आणली. मुबश्शिरनं मोबाइलवर नावांची चित्रं काढून बापापुढं धरली. “पाहा अब्बा. आधी लोकं फळ्या दोरीनं शिवत होते. मंग खिळे आले. मंग लोखंडाची जहाजं, त्याले रिव्हेट. आन् आता वेल्डिंग. दुनिया वेल्डिंगवर आली.”

शेजारी भागिरथा मावशी जाळं सांधत बसली होती. जातीची भोईण, माहेर पैनगंगेच्या काठचं. पूल नव्हता तेव्हा तिचा बाप नावेनं माणसं पलीकडं उतरवायचा. तिनं मान लांबवून मोबाइल पाहिला.

“शिवलेली नाव बरी दिसते,” ती म्हणाली. “खडकावर आपटली तं वाकंन, फुटनार नाई. माया बाप खिळेच मारे, पन खिळा आरपार काढून टोक मांगून दुमडे. मंग तो उपटत नाई.”

“अन् फळ्या?” मिस्त्रीनं विचारलं.

“फळ्यायच्या मंधात जागा ठेवे. त्यात कापसाची वात ठोके, वरून राळ अन् जवसाचं तेल. निजाम, तू नावेले बंडी समजला का रे? बंडीले पानी लोखंडासाठी पाजतेत. हे लाकूडच पेते. त्याले ढेकर द्याले जागा पायजे.”

मुबश्शिर हसला. मिस्त्रीही हसला, पण जरा उशिरा.

सगळ्या फळ्या उचकटल्या. लाकूड सावलीत सुकू दिलं, मग रंध्यानं कडा उतरवल्या आणि मधे फट ठेवून फळ्या पुन्हा बसवल्या. कापूस चंपाबाईच्याच घरचा. वाती वळायला भागिरथा बसली. दुमडलेलं टोक लाकडात रुतू नये म्हणून मुबश्शिरनं पत्र्याच्या चकत्या कापून दिल्या. बाप म्हणाला, “पाय, तुयं लोखंडबी लागलंच.” पोरगा म्हणाला, “पन वेल्डिंग नाई लागलं, अब्बा.” दोघांचंही म्हणणं राहिलं.

यावेळी नाव पाण्यात घातली तर सगळ्या फटींतून झिरपायला लागली. आता काठावरचे गप्प कशाला बसतात.

“मिस्त्री, चाळनी केली काय?”

“मागच्या डाव फुगली, आता गळून राह्यली. पुढच्या डाव उडंन.”

उथळ पाण्यात मिस्त्रीनं नावेत धोंडे भरले आणि आपल्या हातानं ती बुडवली. चंपाबाई पाण्याच्या कडेला धावली. सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. “निजामभाऊ, हे काय करून राह्यले?”

“पिऊ द्या तिले,” तो म्हणाला. “पोट भरलं का तोंड मिटंन.”

पुढं तो रोज काठावर जाऊन बसायचा. भागिरथा म्हणेल तेव्हाच नाव काढायची, असं ठरलं होतं. घरी जेवताना त्यानं सुईची गोष्ट काढली नाही, हे त्याच्या बायकोच्याही ध्यानात आलं.

एका सकाळी भागिरथानं पाण्यात हात घालून सांधे चाचपले आणि मान हलवली. धोंडे काढले, पाणी उपसलं. नाव वर आली. तळाला थोडा ओलावा होता, तेवढाच. चंपाबाई कापणीच्या बाया घेऊन आत बसली. नाव पलीकडं गेली, परत आली, पुन्हा गेली. मिस्त्री प्रत्येक खेपेला वाकून तळ पाहायचा.

सोयाबीन घरात आल्यावर चंपाबाई दुकानात आली. दुसऱ्या काठच्या एका शेतकऱ्याला तशीच नाव हवी होती. दारातूनच तिनं हाक दिली, “ओ मिस्त्री.”

मुबश्शिर मशीन बंद करून उठला.

“तू बस रे,” ती म्हणाली. “तुया बापाले बोलावून राह्यली.”