पक्की आमदनी दाखवा!

"पक्की आमदनी दाखवा, मग खोली," असं जो माणूस मला सांगत होता, त्याच्या मिशीला त्या वेळी माझ्याच मांड्याचं पुरण लागलेलं होतं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघत होते, तेव्हाची गोष्ट. नवरा गेल्यावर मी लेकीला घेऊन डोईफोडियाहून बुऱ्हाणपुरात आले आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे करून पोट भरायला लागले. आखाजीचा सण म्हणू नका, लग्न म्हणू नका, मागणी असायचीच. पण जुन्या घरमालकाला धूर चालेना; महिनाअखेर खोली सोडा म्हणाला. चूल मांडायला अंगण हवं. अंगण नाही तर खापर नाही, आणि खापर नाही तर आम्ही मायलेकींनी खायचं काय? माझ्याकडून मांडे नेणाऱ्या एका काकूंनीच सांगितलं, आमची मागची खोली रिकामी आहे, अंगणही आहे, आमच्या ह्यांच्याशी बोल.

बोलले. काका कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना कागद हवा. "मांडे करते म्हणजे? तनखा कोण देतं? त्यात पक्कं काय?" आणि वर माझ्यापुढे ताटली सरकवून म्हणतात, "खाऊन बघा. आमच्या सुनबाईनं केलेत. याला म्हणतात मांडे!" आदल्या दिवशी मागच्या दारानं टोपली मीच दिली होती. काकू दाराआडून डोळ्यांनीच विनवत होत्या. मी खाल्ला. माझाच मांडा!

शेवटी काका म्हणाले, "ज्यांना मांडे देता, त्यांच्यातल्या दोघांचं तरी लिहून आणा."

एवढंच ना? गेले. पण माय वं, एक बाई लिहून देईल तर शपथ! आमच्याकडे सुनेचा हात मांड्यांवरून पारखतात. म्हणून घरोघरी मांडे माझे आणि नाव सुनेचं. "लिहून दिलं आणि पाहुण्यांत फुटलं तर?" एकीनं तर दारही अर्धंच उघडलं. अरे, खाताना बोटं चाटता तेव्हा लाज वाटत नाही, माझं नाव घ्यायचीच वाटते? परत काकूंकडे गेले. त्याही म्हणाल्या, "माय, तूच समजून घे."

नाही घेतलं समजून. दुसऱ्या दिवशी सकाळीच खापर, पीठ, पुरण घेऊन गेले आणि काकांच्या पुढच्या दारात विटा मांडून चूल पेटवली. "कागद नाही मिळाला, काका. आमदनीच दाखवते, बघा." मांडा हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवला आणि खापरावर टाकला. गल्ली गोळा झाली. काकांनी तुकडा तोंडात टाकला, थबकले, आणि खुशीत म्हणाले, "अगदी आमच्या सुनबाईसारखे! तिच्याकडूनच शिकलात वाटतं?"

ओठांवर शिवी आली होती, खोटं कशाला बोलू. पण मी तोंड उघडायच्या आत मागून सून म्हणाली, "बाबा, मला मांडे येत नाहीत. कधीच येत नव्हते. आजवर तुम्ही खाल्ले ते यांचेच."

सगळ्या गल्लीसमोर बोलली पोर. मला तिथंच रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

काकांनी मिशी पुसली. काकूंकडे पाहिलं. मग आत जाऊन किल्ली घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "झालं ते झालं. खोली घ्या. पण चूल मागच्या अंगणातच मांडा. पुढं बरं दिसत नाही."

किल्ली घेतली. राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी खापर पुढच्या दारात मांडलं.

"बाई, पुढं मांडू नका म्हटलं होतं," काका म्हणाले. "सगळ्यांना धूर दिसतो."

"दिसू द्या," म्हटलं.