मूळ प्रतीतली शांतता

मला परदेशी सिनेमांच्या डिस्क जमवायचा नाद आहे. नाद कसला, खोडच. मनमाडच्या एका निवृत्त रेल्वेवाल्याकडून मी जी डिस्क मिळवली, तिच्यासाठी माझ्यासारखे वेडे जीव टाकतात. सिनेमा कुठल्याशा थंड देशातला. दीड तास एकच बाई खुर्चीत बसून थेट आपल्याकडे बघते, एखादा प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघत गप्प राहते. लोक कंटाळतात म्हणून पुढच्या आवृत्तीत तिची शांतता कापली. त्यामुळे मूळ प्रत ओळखायची तर प्रत्येक शांतता घड्याळ लावून मोजावी लागते, आणि त्यातच आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरतो.

वडील एका सकाळी कामावर निघाले आणि वाटेतच गेले. तेव्हापासून आईनं बोलणंच टाकलं होतं. तिनं चार शब्द बोलावेत म्हणून मी तिला पंचवटीच्या भाजीबाजारात नेलं, तिच्या मैत्रिणींना बोलावलं. ती नुसती मान हलवायची.

त्या दुपारी मी टीव्हीसमोर मोजायला बसलो होतो, आई मागे सोफ्यावर. बाईनं विचारलं, तो कधी गेला? मला हे खालच्या इंग्रजी अक्षरांवरून कळलं. आईला इंग्रजी येत नाही, शिवाय चष्मा आत राहिलेला.

मागून आवाज आला, "सकाळीच. डबा ओट्यावरच राहिला."

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगतो, त्याच्या पाठोपाठ राग आला, कारण माझी मोजणी चुकली होती. "आई, गप्प बस ना जरा," मी म्हणालो. आज लाज वाटते. प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला, तेव्हा ती काही बोलली नाही. शांतता पूर्ण एक्केचाळीस सेकंद भरली. प्रत अस्सल निघाली.

आता मी रोज दुपारी डिस्क लावून स्वयंपाकघरात जातो. मी नसलो की आई बोलते. वडिलांबद्दल, माझ्या जन्माआधी गेलेल्या एका बाळाबद्दल, मला कधीच न सांगितलेलं. मी दाराआडून ऐकतो.

परवा राहवलं नाही. हळूच तिच्या शेजारी जाऊन बसलो. आई बोलता बोलता थांबली. बाईनं पुढचा प्रश्न विचारला, तशी आई टीव्हीकडे वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आता नको. हा असला की बोललेलं चालत नाही."