दूधभावाचं घर

माझ्या सासूबाईंना आमच्या गल्लीत नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना 'सेनापतींची बहीण' म्हणायचे. ज्यांचा पुतळा गावोगावच्या चौकात उभा आहे आणि ज्यांच्यावरचा धडा शाळेत घोकावा लागतो, तेच हे सेनापती. सुरुवातीला लोक हे चेष्टेनं म्हणत, मग सवयीनं, आणि ते लढाईत कामी आल्यावर थोड्याशा आदरानं म्हणायला लागले.

सासूबाई इस्त्रीवाल्या. त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंनी, सेनापतींना तान्हेपणी अंगावर पाजलं होतं. म्हणून ते सासूबाईंचे दूधभाऊ. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक टेबलाशी थांबलं, की हमखास विचारायचं, "काय हो, भाऊ कसे होते?" सासूबाई इस्त्री न थांबवता म्हणायच्या, "लढायला मोठा शूर. पण बहिणीकडे कधी एक सदरा इस्त्रीला टाकला नाही मेल्यानं." गिऱ्हाईक हसायचं आणि विषय संपायचा. त्यापुढचं त्यांनी ना कधी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, ना मला. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात दुसऱ्या टेबलाशी उभी राहिले होते, तेव्हापासून आम्ही दोघी दिवसभर समोरासमोर. तरी नाही.

एक खोड मात्र होती. माझी मुलं दारातून हळूच "आजी" म्हणाली, की त्या ओरडायच्या, "हाक मारायची तर पोटातून मारा! ऐकू नको का जायला?" स्वतः त्या हाक मारायच्या तर गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसायची.

सेनापतींचं जन्मघर आमच्याच गावात, वरच्या रस्त्याला. मधली कित्येक वर्षं ते धान्याचं गोदाम होतं, मग नुसतंच कुलूप. पुढे सरकारनं ताब्यात घेऊन ते डागडुजी करून पूर्वीसारखं केलं आणि लोकांना बघायला खुलं केलं. परगावाहून बसगाड्या भरभरून लोक यायला लागले. गल्लीतले सगळे जाऊन आले. सासूबाईंना कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "माझं काय पुरलंय तिथं?" मग एका सकाळी सदऱ्यावर पाणी शिंपडता शिंपडता त्यांनी एकदम मला सांगितलं, "उद्या दुकान बंद ठेवू. मला ते घर दाखव."

मला वाटलं, म्हातारीला आता मिरवावंसं वाटतंय. मी कपाटातली त्यांची चांगली शाल काढून ठेवली.

तिथं काय झालं ते कळायला आधीचं सांगायला हवं. यातलं काही त्यांनी मला त्या घरातच सांगितलं, बाकीचं नंतर.

सासूबाईंचे वडील हमाल होते. पाठीवरचं पोतं घेऊन फळीवरून पडले आणि कमरेतून गेले, ते कायमचे अंथरुणाला खिळले. घरात सासूबाई, वय सहा-सात, आणि नुकताच जन्मलेला भाऊ. त्याच सुमारास वरच्या रस्त्याच्या मोठ्या घरात मुलगा झाला आणि बाळंतीण तापानं आजारी पडली. अंगावर पाजणारी निरोगी बाई हवी होती. आजेसासूबाईंना बोलावणं आलं. जेवणखाण, कपडा, पगार, सगळं मिळणार. अट एकच होती. राहायचं तिथंच आणि स्वतःचं मूल आणायचं नाही. दोन पोरं प्यायली तर मालकांच्या मुलाला दूध कमी पडेल, असं त्यांचं म्हणणं. घरात चूल पेटायची पंचाईत होती. आजेसासूबाई गेल्या.

तान्हा भाऊ बहिणीच्या ओटीत आला. शेजारीण गाईच्या दुधात पाणी घालून द्यायची, नसेल तेव्हा पीठ उकळून त्याचं पाणी. सासूबाई चमच्यानं पाजायच्या. "तो चमचा तोंडात आला की जिभेनं बाहेर लोटायचा," त्या मला म्हणाल्या. "त्याला वाटायचं, मी त्याची थट्टा करतेय."

त्याला जुलाब लागले. अंग वाळत गेलं. एका दुपारी तो डोळेच उघडेना, तेव्हा वडील अंथरुणातून म्हणाले, "ऊठ पोरी, त्याला आईकडे घेऊन जा. एकदा पाजू दे तिला." सासूबाईंनी त्याला चादरीत गुंडाळलं आणि चढण चढून त्या मोठ्या घराच्या मागच्या दाराशी गेल्या. तिथं रखवालदार बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं चादर बाजूला करून बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आईला बोलवा ना," सासूबाई म्हणाल्या.

"मला वर जायची परवानगी नाही, बाळ. आणि ओरडू नकोस हं. छोटे मालक झोपलेत. ते उठले तर माझी नोकरी जाईल."

म्हणून त्या ओरडल्या नाहीत. भावाला छातीशी धरून दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कधीतरी आई खाली येईल, धुणं वाळत घालायला, पाणी टाकायला, कशालाही. ऊन उतरेपर्यंत उभ्या होत्या. आई आली नाही. घरी परत आणलं आणि दिवेलागणीला तो गेला. शेजारणीचा नवरा त्याला पुरून आला.

आईला हे लगेच कळवू नका, असा मोठ्या घरातून निरोप आला. आईला दुःख झालं तर दूध आटेल. आठवडाभरानं सांगितलं आणि एका दुपारपुरतं घरी सोडलं. आजेसासूबाई आल्या, रिकाम्या झोळीपाशी बसल्या. मुलगी म्हणाली, "आई, मी त्याला तुझ्याकडे आणलं होतं. मागच्या दाराशी उभी होते कितीतरी वेळ."

आई म्हणाली, "माझ्या खोलीला मागच्या बाजूला खिडकीच नाही गं. मला कसं कळणार? हाक का नाही मारलीस? एक हाक मारली असतीस, तरी धावत आले असते."

बस, एवढंच. आणि संध्याकाळी ती परत वर गेली, चार वर्षांसाठी.

पुढे सेनापतींचं कुटुंब राजधानीत गेलं. आजेसासूबाईंना जाताना एक जुनी कोळशाची इस्त्री मिळाली, त्यावर मायलेकींनी धंदा सुरू केला. सासूबाईंचं लग्न झालं, माझा नवरा झाला, सासरे लवकर वारले. आई आणि लेक शेवटपर्यंत एकाच खोलीत राहिल्या. भावाचा विषय कधी निघाला नाही.

सेनापती गेल्याची बातमी आली, त्या दिवशी आजेसासूबाईंनी रस्त्यात बसून हंबरडा फोडला. सारी गल्ली लोटली. बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "तुमचाच मुलगा हो, तुमचाच." वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला. सासूबाई दुकानाच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. रात्री त्यांनी आईला विचारलं, "याच्यासाठी एवढं रडलीस. आपल्या बाळासाठी का नाही रडलीस तेव्हा?"

आई म्हणाली, "रडू नको म्हणून बजावलं होतं त्यांनी. रडले असते तर दूध आटलं असतं."

आता त्या दिवसाचं. सकाळीच आम्ही दोघी निघालो. चढण त्यांना झेपत नव्हती. दर दहा पावलांनी थांबायच्या आणि मला दटावायच्या, "दम मला नाही लागलाय, तुझ्यासाठी थांबतेय." समोरच्या दारावर पितळी पाटी होती. आत गणवेशातली एक मुलगी माहिती सांगत होती. तिच्या मागून वीसेक माणसं फिरत होती, आम्ही त्यांत मिसळलो. भिंती नव्या चुन्यानं पांढऱ्याशुभ्र. बैठकीच्या खोलीत दोरीपलीकडे खुर्च्या, लिहायचं मेज, लाकडी घोडा. सासूबाईंनी कशाकडेच नीट पाहिलं नाही. त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं.

जिना चढून वळलं की एक छोटी खोली लागते. दारातून आत जायला एक पायरी उतरावी लागते. सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या आणि माझा दंड धरला. "हीच," त्या पुटपुटल्या. "पहिल्या दिवशी या पायरीवर अडखळून पडली होती ती. मला दाखवायची, गुडघ्यावर व्रण होता."

छताच्या तुळईला लोखंडी कडी होती आणि तिला पाळणा टांगलेला. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "ही सेनापतींची बाळपणीची खोली. याच पाळण्याशी बसून त्यांच्या मातोश्रींनी बाळाला शौर्याच्या गोष्टी ऐकवल्या." लोकांनी फोटो काढले. मी म्हणणारच होते, की अहो, या बाईंची आई इथं... पण सासूबाईंनी मला हातानंच गप्प केलं.

त्या खिडकीकडे निघाल्या होत्या. पाळण्याच्या उशाशी खिडकी होती, अरुंद, उभे गज लावलेली. त्यांनी गज धरले आणि खाली बघितलं. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. बरोब्बर खाली मागचं दार. भिंत, दारासमोरची फरशी, सगळं हाताच्या तळव्यावर असल्यासारखं. तिथं एक माळी पाइप गुंडाळत होता, त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं.

"पोरी," त्यांनी त्या गणवेशवालीला विचारलं, "ही खिडकी नवी केली का गं?"

"नाही आजी. भिंतींना फक्त चुना लावला. खिडकी मूळचीच आहे. तो फोटो बघा ना."

भिंतीवर घराच्या मागच्या बाजूचा जुना फोटो होता, सेनापतींच्या जन्माच्या वर्षीचा. खाली दार, दाराशी टोपीवाला रखवालदार, आणि वर हीच अरुंद खिडकी. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं.

"मूळचीच आहे," त्या मला म्हणाल्या. जणू मीच विचारलं होतं.

लोक पुढच्या खोलीत गेले. सासूबाई जागच्या हलेनात. मी घाबरले. पाणी देऊ का विचारलं. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, तिथंच, पाळण्याशी उभं राहून, भरभर, आवाज न चढवता. भाऊ, चादर, रखवालदार, सगळं.

"सगळा जन्म मला वाटत आलं, मी हाक मारली नाही म्हणून तो गेला," त्या म्हणाल्या. "कढई घासताना, इस्त्री फिरवताना, तुझा नवरा पोटात असताना. आणि ती इथं होती. पाळणा हलवायचा तर इथंच बसावं लागतं. इथं बसून ते दार दिसत नाही असं होईल का, तूच सांग."

"झोप लागली असेल त्यांना," मी म्हणाले.

"ऊन उतरेपर्यंत?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा मात्र असा झाला होता, की जणू खूप जड काहीतरी खाली ठेवलं आणि तेच पायावर पडलं. आम्ही उरलेलं घर न बघताच उतरलो. बाहेरच्या वहीत अभिप्राय लिहा म्हणून कुणी पेन पुढे केलं, मी नको म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी आजेसासूबाईंची तसबीर भिंतीवरून काढून पालथी करून माळ्यावर टाकली. माझा नवरा चिडला. मी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, तर त्यानं तसबिरीचं पुन्हा काढलं नाही. त्या हिवाळ्यात सासूबाई फारशा बोलल्या नाहीत. कामात चूक नव्हती, पण गिऱ्हाइकानं भावाचं विचारलं की म्हणायच्या, "माझा भाऊ तीन महिन्यांचा असताना गेला." माणसं गोंधळायची. काही जण म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. त्यांनी कुणालाच समजावून सांगितलं नाही. मला मात्र त्याचं वर्णन सांगायच्या. एक कान दुमडलेला होता. शिंक आली की स्वतःच दचकायचा.

हिवाळा सरता सरता एका दुपारी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या मधेच थांबल्या.

"ती खाली आली असती, तर तिला त्याच दिवशी काढून टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "मग बाबा मेले असते, मी मेले असते. तो तर तसाही जगला नसताच बहुतेक. हे सगळं कळतं मला. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही माहीत नाही."

मी चादरीची कड हातानं सारखी केली.

"पण यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यावर ढकलायला नको होतं."

एवढं बोलून त्यांनी चादरीचं टोक झटकलं आणि मी माझं टोक धरून पुढे गेले.