नळ बंद, इंजिन चालू

ट्रक धुण्याच्या त्या आवारात दोघी जावा कामाला होत्या. थोरलीला तिथे एकोणीस वर्षं झाली होती, धाकटीला दोन. सासू घरात ज्या नावांनी हाका मारायची तीच नावं आवारात चालायची, कारण सासूचा आवाज असा होता की घरातली हाक आवारात ऐकू यायची. थोरलीचं हत्यार म्हणजे लांब दांड्याचा, निम्मे केस झडलेला ब्रश. मडगार्डखालचा चिखल बोटावर घेऊन ट्रक खाणीकडून आलाय की शेतमाल उतरवून आलाय हे ती सांगायची, आणि ड्रायव्हर मान डोलवायचे. एवढा मान तिला पुरत होता.

मग मालकाने पेट्रोलवर चालणारं प्रेशर मशीन आणलं. दोन चाकांच्या गाडीवर इंजिन, खाली पंप, एका बाजूला नळाचा पाइप आणि दुसऱ्या बाजूला जाड पाइपाच्या टोकाला बंदुकीसारखी गन. मालकाने दोघींना बोलावून घेतलं आणि दाखवलं: आधी तेल बघायचं, नळ पूर्ण उघडायचा, पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा आणि मग दोरी. मान थोरलीचा म्हणून पहिली दोरी तिने ओढली. इंजिन खोकललं आणि बसलं. दुसऱ्यांदा दोरी अर्ध्यातच अडकली. तिसऱ्यांदा तिच्या खांद्यातून कळ गेली. मग धाकटी पुढे झाली. तिने गनचा चाप दाबून धरला, पाणी फुरफुरत, थुंकत बाहेर पडलं, मग सरळ धार लागली, आणि ती धार तिने चांगली मिनिटभर तशीच जमिनीवर सोडून दिली. नंतर दोरी ओढली. एका झटक्यात इंजिन सुरू.

थोरलीला सुरू झालेलं इंजिन दिसलंच नाही. तिला दिसलं ते मिनिटभर वाया गेलेलं पाणी. लहानपणी तिने तीन जिने चढून बादल्या वाहिल्या होत्या. भांडं विसळलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी अंगणाला, अशा घरात ती वाढली होती. चांगल्या पाण्याची धार मातीत जाताना बघितली की तिचा हात नळाकडे वळायचा. धाकटीने तिला दोनदा समजावलं, की जाऊबाई, आतली हवा आणि दाब निघून गेला की दोरी हलकी होते. थोरलीने ऐकून घेतलं आणि मनात म्हणाली, उधळेपणाला कारणं काय हवी तेवढी सापडतात.

त्या दिवसापासून थोरलीला धाकटीचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. ड्रायव्हर आवारात शिरताना विचारायचे, मशीनवाली आहे का? आणि नाही म्हटलं की खुशाल बाकावर बसून राहायचे, थोरली समोर ब्रश घेऊन उभी असली तरी. सासू शेजारणींना सांगायची, आमची धाकटी इंजिन चालवते. थोरलीने एकोणीस वर्षं काय चालवलं हे कोणी विचारलं नाही. कळस म्हणजे थोरलीचा नवरा. एरवी त्याच्या तोंडातून दिवसाला चार शब्द पडायची मारामार, पण एकदा जेवताना तो म्हणाला, धाकटीचा हात हलका आहे. थोरलीने त्याच्या ताटात काही वाढलं नाही. आपल्या सोड्याने चिरलेल्या हातांकडे ती बराच वेळ बघत बसली.

बरं, धाकटी उद्धट असती तर थोरलीचं निम्मं दुखणं बरं झालं असतं. पण धाकटी गोड. थोरलीचा डबा धुवून ठेवायची, तिच्यासाठी सावलीतली जागा धरायची. अशा माणसाचा धड रागही करता येत नाही, आणि त्यानेच थोरलीचा जास्त जळफळाट व्हायचा.

मालकाने एक दिवस दोघींना सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून मशीन एकीच्याच ताब्यात राहील. दुसरीने त्याला हात लावायचा नाही. कोणाच्या ताब्यात, ते तो आठवडाभर बघून ठरवणार होता. आणि जिच्या हातून मशीन बिघडेल तिने दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं, हेही त्याने त्याच दमात सांगून टाकलं. थोरलीला कळत होतं की निकाल लागल्यातच जमा आहे. तरीही रात्री कूस बदलताना तिला दिसायचं, की दोरी तिच्या हातात आहे, इंजिन सुरू झालंय आणि धाकटी बाजूला ब्रश घेऊन उभी आहे.

चौथ्या दिवशी धाकटीच्या मुलीला ताप आला. सकाळी आवारात डोकावून, मशीन एकदा बघून, धाकटी मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेली. मालकाने थोरलीला विचारलं, जमेल का. तिने त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

तिने नळ उघडला, कॉक उघडला, चोक ओढला. चाप काही तिने दाबला नाही. फुकट पाणी सांडायला ती काय धाकटी होती? अकरा वेळा तिने दोरी ओढली. बाकावरचे ड्रायव्हर मोजत होते. बाराव्या खेपेला एका आगाऊ ड्रायव्हरने गंमत म्हणून गन उचलून चाप दाबला आणि जमिनीवर पाणीच पाणी केलं. थोरली त्याच्यावर खेकसली, आणि त्याच रागात तिने ओढलेली दोरी सरसर बाहेर आली. इंजिन सुरू. थोरलीने ह्याचं सगळं श्रेय आपल्या रागाला दिलं. ड्रायव्हरला तर तिने गन हिसकावून घेऊन आणखी दोन शब्द सुनावले.

त्यानंतरचा अर्धा तास तिच्या आयुष्यातला फार सुखाचा अर्धा तास होता. वर्षानुवर्षांचा थर चाकांवरून सोलून पडत होता. जिथे ब्रशने पाऊण तास घासावं तिथे एक फेरी पुरत होती. आपण सुखी आहोत हे तिला कळलं, आणि धाकटी दोन महिने हे रोज भोगत होती हेही कळलं. दुसऱ्या गोष्टीने पहिलीची चव घालवली.

मग ड्रायव्हरला ताडपत्री सोडायची होती, म्हणून थांबावं लागलं. नळाच्या जोडाशी पाणी ठिबकत होतं. थोरलीचा हात आपोआप नळाकडे गेला आणि तिने तो घट्ट बंद केला. इंजिन मात्र तिने बंद केलं नाही. बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर? बाकावरचे मोजायला बसलेच होते. गाठी सुटेनात, ताडपत्री निघायला दहा मिनिटं लागली. इंजिन चालू, नळ बंद, आत पंप कोरडा फिरतोय. तिने परत नळ उघडून चाप दाबला तेव्हा गनमधून म्हाताऱ्याच्या लाळेसारखं पाणी आलं, आणि पंपातून जळक्या रबराचा वास.

मालक आला तोवर धाकटीही आली होती, मुलीला सासूकडे सोपवून. मालकाने पंपावर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. सील जळलेत, म्हणाला, हे कोणी केलं? बाकावरचे ड्रायव्हर आपापले ट्रक बघायला निघून गेले. एकोणीस वर्षं एका क्षणात थोरलीच्या डोळ्यांपुढून गेली, आणि उद्यापासून दिवसभर सासूसमोर घरात बसलेली ती स्वतः.

"मी केलं," धाकटी म्हणाली. "सकाळी जाण्याआधी चालवून बघितलं. गडबडीत नळ उघडायचा राहिला. सील तेव्हाच गेले असणार."

मालक तिच्याकडे बघत राहिला. त्याचा राग उतरताना थोरलीला स्पष्ट दिसला. पोर आजारी होती, होतं असं, असं काहीतरी तो बोलायलाच लागला होता. धाकटीला माफी मिळणार होती. मिळणार हे तिला आधीच माहीत होतं, म्हणून तर ती इतक्या सहज पुढे झाली. थोरलीची नोकरी वाचत होती, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. इंजिन हिचं, ड्रायव्हर हिचे, सासू हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच. आयुष्यभर घरात सांगितलं जाईल, धाकटीने थोरलीला कसं वाचवलं.

"खोटं बोलते ती," थोरली म्हणाली. "पंप मी जाळला. नळ मी बंद केला."

मालकाने दोघींना आळीपाळीने पाहिलं. मग तो धाकटीला खूप बोलला, की माझ्याच आवारात माझ्या तोंडावर खोटं बोलतेस. थोरलीला तो थोडंच बोलला. एकोणीस वर्षांत तू मला फसवलं नाहीस म्हणून घरी बसवत नाही, म्हणाला, पण मशीन धाकटीकडे. तू ब्रशच घे. आणि दोघींनी मिळून हे धूड टेम्पोत चढवा, दुरुस्तीला जायचंय.

तो गेल्यावर धाकटीने मशीनचा पाइप गुंडाळायला घेतला. तिचे डोळे भरले होते. दोन वर्षांत तिला मालकाचा शब्द कधी लागला नव्हता.

"जाऊबाई," ती शेवटी म्हणाली, "मी तुमच्यासाठी बोलले, आणि तुम्ही मला खोटारडी ठरवलंत. तुम्हाला माझं काहीच चालत नाही का?"

थोरलीने खोटं उत्तर शोधलं. सापडलं नाही.

"नाही चालत," ती म्हणाली. "दोन महिने झाले, मला झोप नाही."

धाकटीने नाक पुसलं. मग तिला हसू आलं आणि ते तिने लपवलं नाही. थोरलीही हसली असती, पण तिची नजर मशीनवर होती. मशीनची एक बाजू हलकी असते आणि इंजिनाची बाजू कंबर मोडेल इतकी जड. निदान ती तरी आपण उचलू, असं ठरवून थोरली पदर खोचून पुढे झाली. ती पोहोचेपर्यंत धाकटीने नेमकी तीच बाजू धरली होती.