लेकीची ऑनलाइन अन्नपूर्णा

नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी मुलुंडला लेकीकडे जेवायला गेलो होतो. मे महिन्यात प्राजूचं लग्न झालं, त्यानंतर निवांत असं हे पहिलंच जाणं.

कुणाच्याही घरी गेलो की आधी देवापुढे हात जोडायची सवय आहे. तिच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णा होती, मीच लग्नात दिलेली... पण तिच्या अंगावर एवढं मोठं झेंडूचं फूल, की मूर्ती दिसेचना. चेहरा तरी दिसावा म्हणून फूल जरा बाजूला केलं.

देवी राखाडी झाली होती. सोनेरी रंग उरला होता तो फक्त खाचांमध्ये.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मुलीला माहेरून अन्नपूर्णा देतात. लग्न लागायच्या आधी नवरी गौरीहरापाशी तिची पूजा करत बसते, आणि मग तिलाच घेऊन सासरी जाते.

ही खरेदी खरं तर आईने करायची. प्राजूची आई लग्नाच्या आदल्या वर्षीच गेली... म्हणून ही खरेदी माझ्याकडे आली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मोबाइलवर शोधताना हुबेहूब आमच्या हिच्या अन्नपूर्णेसारखी एक दिसली. खाली लिहिलं होतं, 'शुद्ध पितळ, भरीव, नित्यपूजेसाठी'.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. लिहिलेलं खरं मानायची सवय लागली ती लागलीच. प्राजूला स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, ही चालेल का? तिचं उत्तर आलं, 'सेम आईची'. मग अजून काय बघायचं...

पार्सल घरी आल्यावर मूर्ती हातात घेतली तेव्हा जरा हलकी वाटली होती. पण देवीचं वजन करून बघावं, असं काही मनात आलं नाही. हळदकुंकू लावलं आणि देवासमोर ठेवली.

मुलुंडला जेवताना विहीणबाईंनी आग्रह करून वाढलं. प्राजू खाली गेटपर्यंत सोडायला आली तेव्हा मीच विषय काढला.

नवरात्रासाठी तिने देव घासायला घेतले होते. अन्नपूर्णेला चिंच लावली, तर पाणीच सोनेरी झालं. सासूबाई शेजारी उभ्या. रागावल्या नाहीत त्या. "हल्ली देवसुद्धा मेकअप करून येतात गं," एवढंच म्हणाल्या आणि बाकीचे देव स्वतः घासायला बसल्या.

प्राजू हे सगळं हसत सांगत होती. पण ते फूल तिनेच ठेवलं होतं... मी येणार म्हणून.

घाटकोपरला परत येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ते सोनेरी पाणी होतं. दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन केला. रिटर्नची मुदत संपली, शिवाय वस्तू वापरलेली आहे, असं उत्तर मिळालं. पूजा केली म्हणजे वापरलेली... मी फोन ठेवून दिला.

मरोळला ऑफिसात माझ्या शेजारी सावंत बसतो. डबा खाताना त्याला सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला. "मुदत गेली उडत रे. वस्तू सांगितल्यासारखी असेल तर मुदत. पितळ सांगून रंग विकला, ही फसवणूक झाली. ग्राहक हेल्पलाइनवर टाक ना तक्रार. देव देव करतोस आणि चोराला सोडून देतोस?"

शेवटचं वाक्य लागलं मला. तिथेच बसून मोबाइलवर मूर्तीचं ते पान उघडलं, तर वर्णन बदललेलं. आता तिथे 'पितळी फिनिश' लिहिलं होतं. क्षणभर वाटलं, वाचायला मीच चुकलो की काय...

मग प्राजूला पाठवलेला स्क्रीनशॉट आठवला. तो चॅटमध्ये तसाच होता, आणि खाली तिचं 'सेम आईची'. प्राजूकडून मागवलेल्या, चिंच लावलेल्या मूर्तीच्या फोटोबरोबर तोही तक्रारीला जोडला. पुढे बरीच पत्रापत्री झाली. शेवटी कंपनीने मान्य केलं. पूर्ण पैसे परत, फक्त मूर्ती परत द्यायची. पिकअप माझ्या घरून ठरला.

प्राजूला मूर्ती घेऊन यायला सांगितलं. ती आली, पण रिकाम्या हाताने. मी ठरवलंच होतं, हिची अन्नपूर्णा आता लेकीला द्यायची. खरं पितळ, तिच्या आजीने दिलेलं. देव्हाऱ्याकडे हात केला तर प्राजूने अडवलं.

"ती इथून हलवायची नाही, बाबा."

"अगं, पण तुझी तर..."

"माझी आहे तिथे आहे. लग्नाच्या दिवशी आई नव्हती, तेव्हा गौरीहरापाशी तिच्याशीच बोलत बसले होते मी. तिला आता कुरिअरच्या गोणीत घालू?" मग म्हणाली, "आणि आईची मी नेली, तर या घरात तुमच्याजवळ कोण राहणार?"

चहा करतो म्हणून मी आत गेलो...

ती गेल्यावर ॲपमध्ये पिकअप रद्द केला. कारण निवडा म्हणाले. विचार बदलला, वस्तू आवडली, चुकून विनंती केली... माझं कारण त्यात नव्हतं. 'इतर' दाबलं.

तक्रार मात्र मागे घेतली नाही. ते पान आता काढून टाकलंय. पण परवा तोच फोटो दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने दिसला, खाली तेच 'शुद्ध पितळ, भरीव'. पुन्हा तक्रार केली आहे. कुणाच्या तरी लेकीचं लग्न ठरलं असेल...

तुम्ही काही मागवाल तेव्हा वर्णनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, एवढं सांगण्यासाठी हे लिहायला बसलो होतो. बाकी, संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा हिच्या अन्नपूर्णेला मी आता दोनदा नमस्कार करतो. दुसरा मुलुंडला पोचावा म्हणून.